गळ असेल तर हक्क, नसेल तर अतिक्रमण: समुद्राकाठचं उन्हाळी घर कुठल्या राज्यात?

जुलैत आठवडाभर समुद्राकाठी घर घ्यायचं, भारतातून आलेले आई-बाबा सकाळी ओल्या वाळूवर फेरी मारतील, आपण दोन तास गळ टाकू. बॉस्टन किंवा एडिसनच्या मराठी घरात हा बेत ठरला की तीन नावं निघतात: मॅसॅच्युसेट्समधलं केप कॉड, ऱ्होड आयलंड आणि न्यू जर्सी. भाडं नि अंतर सगळेच बघतात. वाळू कोणाची, हे मात्र तिथला फलक वाचल्यावर कळतं.

मॅसॅच्युसेट्सचा कायदा सगळ्यांत चमत्कारिक. १६४१-४७ च्या वसाहतकालीन अध्यादेशाने घरमालकाची हद्द थेट ओहोटीच्या रेषेपर्यंत नेली आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात लोकांना तीन हक्क ठेवले: मासेमारी, पक्ष्यांची शिकार, नौकानयन. फिरणं किंवा चादर अंथरून बसणं त्यात नाही. १९०७ च्या निकालाने समुद्रस्नानही वगळलं. पोहता येतं, पण तळाला पाय टेकला की जमीन मालकाची. म्हणजे बाबा मासे धरत पुढे सरकले तर हक्काने, हात हलवत चालले तर अतिक्रमण. गळ नुसता मिरवून भागत नाही, मासेमारी खरीच हवी. पक्षीनिरीक्षणही शिकारीच्या हक्कात येतं, असं तिथल्या अॅटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं, म्हणणं आहे. न्यायालयाने त्यावर निर्णय दिलेला नाही, तेव्हा दुर्बिणीच्या जोरावर हुज्जत घालू नये.

मालकाच्या या हद्दीला १,६५० फुटांची (सुमारे ५०० मीटर) मर्यादा आहे. केपवरच्या ब्रूस्टर गावाला ओहोटीत पाणी मैलभर मागे जातं, त्यामुळे दूरची वाळू सार्वजनिक असते. मात्र तिथवर पोचताना पायाखाली बहुतेक वेळा खासगीच. म्हणून केपवर गावाच्या किनाऱ्याजवळ किंवा केप कॉड नॅशनल सीशोअर या राष्ट्रीय संरक्षित किनाऱ्याजवळ घर बघा. गावाच्या किनाऱ्यावर गाडी लावायला स्टिकर लागतो आणि तो घेताना भाडेकराराची प्रत मागतात. सीशोअरच्या काही भागात हंगामात शिकारीला मुभा आहे. शरदात गेलात तर नारिंगी जाकीट घाला किंवा फेरीसाठी रविवार धरा, राज्यात त्या दिवशी शिकार बंद असते.

गळाला १६ वर्षांपासून सागरी परमिट लागतं. तिसऱ्या, कालवं काढायला गावाचं वेगळं परमिट. क्वाहॉग म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा थोराड भाऊ. त्याची जाडी किमान १ इंच हवी. बादली भरण्याआधी तो भाग बंद आहे का हे गावाच्या कार्यालयात विचाराच. विषारी शेवाळामुळे बंदी आली असेल तर कालवं उकळूनही विष जात नाही.

नुसतं चालायचं असेल तर ऱ्होड आयलंड सरस. तिथल्या राज्यघटनेतच किनाऱ्यावरून चालणं, मासे धरणं, पोहायला उतरणं आणि समुद्रशेवाळ गोळा करणं हे हक्क लिहिलेत. अडचण रेषेची होती: १९८२ च्या निकालाने या हक्कांची हद्द मानलेली सरासरी भरतीरेषा डोळ्यांना दिसतच नाही. २०२३ च्या कायद्याने ती सोडवली. भरतीने टाकलेल्या शेवाळाच्या ओळीपासून जमिनीकडे १० फुटांपर्यंत लोकांची वाट. घरमालकांनी याला कोर्टात आव्हान दिलंय, आणि कोणाच्या अंगणातून किनाऱ्यावर उतरायचा हक्क यात नाही. नेमून दिलेल्या सार्वजनिक वाटांनीच जावं लागतं. मॅसॅच्युसेट्सचं सागरी परमिट इथे गळाला चालतं, पण तिसऱ्यांसाठी बाहेरच्यांना वेगळा परवाना घ्यावा लागतो.

न्यू जर्सीत पैसे मोजा आणि निवांत बसा. १९७२ च्या निकालानुसार गावकरी आणि पाहुणे यांना किनाऱ्याची फी वेगळी लावता येत नाही. १९८४ च्या निकालाने कोरड्या वाळूचाही वाजवी वापर लोकांना दिला. १२ वर्षांखालच्या मुलांना बॅज (फी भरल्यावर मिळणारा किनाऱ्याचा पास) लागत नाही, अटलांटिक सिटी आणि वाइल्डवूडला तर कोणालाच नाही. चार कुटुंबं, सात पोरं असा लवाजमा असेल तर आमचं मत इकडेच. समुद्रातल्या गळाला परवाना नाही, फक्त मोफत नोंदणी. जीवरक्षक असतात त्या वेळात पोहण्याच्या पट्ट्यात बहुतेक गावं गळ टाकू देत नाहीत. पहाट किंवा संध्याकाळ धरा.

स्ट्राइप्ड बास या माशाला अलीकडच्या हंगामांत तिन्हीकडे एकच नियम दिसतो: दिवसाला एक, लांबी २८ इंचांपासून ३१ च्या आत, आमिष लावलं तर गोल वळणाचा सर्कल हुकच. लांबी शेपटीचं टोक चिमटून मोजतात. तसं केलं नाही तर आकडा कमी येतो आणि ३१ च्या वरचा मासा घरी येतो, म्हणजे दंड. निघण्याआधी त्या वर्षीचा नियम राज्याच्या संकेतस्थळावर बघा.

अनामत भरण्याआधी मालकाला लेखी विचारा: घराला किनाऱ्याचा हक्क खरेदीखतात आहे की नुसता शेजाऱ्यांच्या संघटनेचा पास? पास असेल तर किती माणसांचा, आणि आई-बाबा त्यात धरलेत का?