165 सेंमी, 50 किलो आणि श्वास कायम रोखलेला: पीबीयू-50 फँटमचं परीक्षण

डायग्नोस्टिक रेडिओग्राफीच्या पदवीला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच एक पेच पडतो. पोझिशनिंग, म्हणजे एक्स-रेसाठी शरीर नेमकं कसं ठेवायचं ते, शिकायचं तर एक्स-रे काढून बघायला हवा, आणि निव्वळ शिकण्यासाठी जिवंत माणसावर किरण सोडता येत नाहीत. मग विद्यार्थी एकमेकांना टेबलावर झोपवतात, किरणांचा झोत आखून देणाऱ्या कोलिमेटरचा दिवा लावतात, सेंटरिंग करतात (झोताचा मध्य जुळवतात) आणि बटणापाशी येऊन थांबतात. गुडघा पाच अंश जास्त वळला होता का, हे गुलदस्त्यातच राहतं. हा पेच सोडवायला पूर्ण शरीराचा फँटम, म्हणजे एक्स-रेत माणसासारखाच दिसणारा पुतळा, लागतो. क्योतो कागाकु या जपानी कंपनीचा पीबीयू-50 हा त्यातला बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये दिसणारा.

उंची 165 सेंमी, वजन साधारण 50 किलो, सुटे होणारे दहा भाग. आत कृत्रिम हाडांचा सांगाडा, फुफ्फुसं, यकृत, मूत्रपिंडं आणि मेडिआस्टिनम (दोन फुफ्फुसांमधला भाग). बाहेरून मऊ ऊतींइतकेच किरण शोषणारा राळेसारखा पदार्थ. धातू किंवा द्रव कुठेही नाही, त्यामुळे सीटीतही घालता येतो आणि धातूमुळे पडणाऱ्या रेघा दिसत नाहीत. भूमिती, म्हणजे कोन आणि अंतरं, शिकवायला याच्यासारखा मास्तर नाही. एक्सपोजर, म्हणजे किरणांची मात्रा, शिकवताना मात्र तो जरा फसवतो, त्याबद्दल पुढे.

भूमितीचा कस लागतो लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेल्या, गुडघ्यावर. पाय धडापासून सुटा करावा, बाहेरची बाजू डिटेक्टरला (किरण टिपणाऱ्या पाटीला) टेकवून गुडघा 20 ते 30 अंश वाकवावा. पहिलं एक्सपोजर किरण सोडणारी ट्यूब सरळ ठेवून घ्यायचं. मीडिअल कंडाइल, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आतल्या बाजूचा गोल उंचवटा, मुळातच थोडा खाली उतरलेला असतो, शिवाय डिटेक्टरपासून दूर असल्यामुळे मोठा दिसतो; त्यामुळे दोन कंडाइल एकमेकांवर बसत नाहीत. आता ट्यूब डोक्याच्या दिशेने 5 ते 7 अंश कलवून तोच एक्स-रे पुन्हा घ्यायचा. दोन प्रतिमा शेजारी लावल्या की पुस्तकातलं ते ‘5 ते 7 अंश’ पाठ करावं लागत नाही. त्यानंतर फोमची पाचर सरकवून पाय मुद्दाम जास्त वळवायचा, मग कमी. जास्त वळला की फिब्युलाचं (पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकं टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) सावलीतून सुटून मोकळं दिसतं, कमी वळला की आणखी आत दडतं. दोन्ही कंडाइल सुटे दिसत असतील तर मीडिअल कोणता हे अ‍ॅडक्टर ट्युबर्कल या त्याच्यावरच्या लहान उंचवट्यावरून ओळखायचं.

इथे एक नियम कडक पाळावा: प्रतिमा पडद्यावर येण्याआधी विद्यार्थ्याने काय दिसेल ते कागदावर लिहायचं. हे न करता नुसते एक्स-रे काढत बसलं, तर तीन तासांत ढीगभर प्रतिमा जमतात आणि डोक्यात काही राहत नाही. चार जणांच्या गटात प्रत्येकी चार-पाच प्रोजेक्शन (ठरावीक दिशेने घेतलेले एक्स-रे) पुरेत.

छातीवरही असाच खेळ खेळता येतो. 180 सेंमी अंतरावरून पीए (किरण पाठीकडून पुढे जाणारा) घ्यायचा, मग धड 5 आणि 10 अंश वळवून. दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याजवळच्या हाडांची) आतली टोकं मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून (मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर आहेत का, ते पट्टीने मोजायचं. मग अंतर 100 सेंमीवर आणायचं. डिटेक्टरपासून 12 सेंमी दूर असलेली वस्तू 180 सेंमीवरून सुमारे 7 टक्के मोठी दिसते, 100 सेंमीवरून जवळपास 14 टक्के. खाटेपाशीच, जवळून काढलेल्या पोर्टेबल छातीच्या एक्स-रेत हृदय फुगलेलं का वाटतं, याचं एक कारण इथे हातात येतं.

छातीतच या फँटमची मोठी उणीवही उघडी पडते. फुफ्फुसं कायमची भरलेली. डायाफ्रामच्या (श्वासपटलाच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजायच्या, हा रोजच्या कामातला पहिला निकष. तो इथे चुकवताच येत नाही. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ आणि बटण यांचा मेळ फँटमवर बसत नाही, आणि नवख्यांचे छातीचे एक्स-रे पुन्हा काढावे लागतात त्यातले पुष्कळ हाच मेळ न बसल्यामुळे. खांद्याचा सांधा फिरतो, पण स्कॅप्युला (खांद्याचं पातं) घट्ट बसवलेला असल्यामुळे खांदे पुढे ढकलून तो फुफ्फुसांवरून बाजूला काढण्याचा सराव होत नाही. त्वचा दाबली जात नाही, म्हणून इलिअ‍ॅक क्रेस्ट (कमरेच्या हाडाची वरची कड) मांसाखालून चाचपून शोधण्याची सवय लागत नाही. कंबरेचा एक्स-रे केवळ नजरेने सेंटर करणारे विद्यार्थी तयार होतात, आणि पहिला स्थूल रुग्ण आला की त्यांची पंचाईत होते. हे चाचपणं सहाध्यायांवर, किरण न सोडता, वेगळं शिकवायलाच हवं.

आता एक्सपोजर. 165 सेंमीला 50 किलो म्हणजे बीएमआय 18.4. माणूस असता तर डॉक्टरांनी त्याला थोडं वजन वाढवा म्हटलं असतं! याच्या पोटावर जुळवलेले केव्ही-एमएएस (किरणांची भेदकता आणि मात्रा ठरवणारे आकडे) वहीत उतरवून जो वॉर्डात जातो, त्याच्या प्रतिमा दाणेदार येणार. ढोबळ नियम असा की ऊतींची जाडी 4 ते 5 सेंमी वाढली की तेवढाच सिग्नल मिळवायला एक्सपोजर दुप्पट लागतं. यावर सोपा उपाय आहे: पोटावर, ट्यूबच्या बाजूला, 5 आणि मग 10 सेंमी जाडीच्या अ‍ॅक्रिलिकच्या चकत्या ठेवायच्या. पाण्याच्या पिशव्याही चालतात, पण दुहेरी बांधलेल्या, आणि खाली डिटेक्टरवर प्लास्टिक अंथरून. जाडी वाढली की स्कॅटर (इकडेतिकडे विखुरलेले किरण) किती वाढतं तेही दिसतं. स्कॅटर गाळणारी जाळी, म्हणजे ग्रिड, काढून आणि लावून तुलना करावी. केंद्रित ग्रिड उलटा बसवला तर दोन्ही कडा पांढऱ्या पडतात, हेही एकदा मुद्दाम करून दाखवावं. रुग्णावर ते पहिल्यांदा कळू नये.

फँटम खरा वसूल होतो तो डिजिटल एक्सपोजरच्या प्रयोगात. पोटाचा एपी (किरण पुढून मागे जाणारा), केव्ही आणि कोलिमेशन अजिबात न हलवता. एईसीने (यंत्राच्या स्वयंचलित एक्सपोजर नियंत्रणाने) जो एमएएस निवडला तो आधार धरायचा, मग मॅन्युअलवर जाऊन निम्मा, पाव, दुप्पट, चौपट. डिटेक्टरवर किती किरण पोहोचले ते सांगणारा आकडा म्हणजे एक्सपोजर इंडेक्स; डेव्हिएशन इंडेक्स म्हणजे मिळालेल्या आणि अपेक्षित एक्सपोजर इंडेक्सच्या गुणोत्तराच्या लॉगची दहापट. त्यामुळे दुप्पट झालं की आकडा साधारण 3 ने चढतो, चौपटीला 6 ने, निम्म्याला 3 ने उतरतो. कोलिमेशन बदललं तर यंत्र इंडेक्स वेगळ्या भागावरून मोजू शकतं आणि सगळी तुलना फुकट जाते. जुन्या काही यंत्रांवर कंपनीचा स्वतःचा आकडा असतो आणि तो उलटाही चालतो: एक्सपोजर वाढलं की कमी होणारा. आधी ते तपासावं.

पाव एमएएसला यकृताची खालची कडा दाण्यांत बुडते, ते सगळ्यांना दिसतं. गंमत वरच्या टोकाला आहे. चौपट एमएएसची प्रतिमा छान, गुळगुळीत. वर्गात विचारलं तर बरेच जण तीच ‘चांगली’ म्हणून निवडतात. डोस चौपट, पडद्यावर तक्रार शून्य. फिल्मच्या काळात अशी प्रतिमा काळी पडून चोरी पकडली जायची. आता फक्त पडद्याच्या कोपऱ्यातला तो इंडेक्सचा आकडा बोलतो, आणि तो वाचायची सवय या प्रयोगाइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही.

संगणकावरच्या सिम्युलेटरपेक्षा हा चांगला का? पोझिशनच्या नावांशी ओळख, कोनांची उजळणी, घरबसल्या शंभर चुका यासाठी सिम्युलेटर स्वस्त आणि पुरेसा. पण जड मांडी उचलून पाचर सरकवताना ट्यूबचं केंद्र कसं हलतं, हे माऊसने समजत नाही. आडव्या चकत्यांमध्ये कापलेले डोसिमेट्रीचे फँटम मात्र याच्या जागी घेऊ नयेत. ते आतला डोस मोजण्यासाठी असतात, पोझिशनिंगला कामाचे नाहीत.

हाताळणीत दोन गोष्टी बिघडतात. पहिली, सुरक्षिततेचा विसर. समोर रुग्ण नाही म्हणून एक्सपोजरच्या वेळी पाय धरून उभं राहणारे विद्यार्थी निघतात. फँटममधून स्कॅटर माणसाइतकंच उडतं. पडद्यामागे जाणं, डोस मोजणारा बॅज लावणं, दार बंद करणं यांत सूट नाही. लंबार लॅटरल लागोपाठ घेतले तर ट्यूबही तापते, मध्ये विश्रांती द्यावी. दुसरी, डाग. सेंटरिंगची खूण बॉलपेनने केली की शाई आत मुरते आणि निघत नाही. छापील कागद किंवा वर्तमानपत्र अंगावर ठेवलं तरी छपाई उतरते. खुणेसाठी कागदी चिकटपट्टी वापरावी आणि तासानंतर लगेच काढावी. पुसायला सौम्य साबणाचं पाणी. थिनर आणि तत्सम द्रावकं वर्ज्य. उन्हात ठेवू नये. धड दोघांनीच उचलावं, हातापायाला धरून ओढू नये.

भाग जोडताना फट राहिली तर तिथली हवा प्रतिमेत काळी रेघ बनून येते आणि एखादा उत्साही विद्यार्थी तिला फ्रॅक्चर म्हणतो. म्हणून फँटम खोक्यातून निघेल त्या दिवशीच प्रत्येक भागाचे एपी आणि लॅटरल काढून तारखेनिशी जपून ठेवावेत. दोन वर्षांनी मांडीत बारीक रेघ दिसली, तर ती पहिल्यापासूनची आहे की मध्ये कुणी पाय खाली पाडला, हे त्या प्रतिमा सांगतील.