सिंगापूर ते न्यूयॉर्क: थेट उड्डाण की फ्रँकफर्टमार्गे?

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यूयॉर्कला जाण्यासाठी सिंगापूर एअरलाइन्सचे दोन पर्याय आहेत: न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला किंवा शेजारच्या न्यू जर्सीतील नेवार्क विमानतळाला थेट जाणारे विमान, आणि फ्रँकफर्टला थांबून जेएफकेला जाणारे विमान. नकाशावर थेट अंतर सुमारे 15,350 किलोमीटर भरते, तर सिंगापूर-फ्रँकफर्ट सुमारे 10,300 आणि फ्रँकफर्ट-जेएफके सुमारे 6,200 मिळून बेरीज 16,500 किलोमीटरच्या घरात जाते. मात्र एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जाणारे विमान बहुधा उत्तर पॅसिफिकवरून, पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचा फायदा घेत जाते. म्हणूनच 2018 मध्ये नेवार्कची सेवा पुन्हा सुरू करताना कंपनीने प्रवासाचे अंतर सुमारे 16,700 किलोमीटर सांगितले होते. किलोमीटरच्या हिशेबात दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरतात.

खरा फरक वेळेचा आहे. थेट प्रवासाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. फ्रँकफर्टमार्गे जाताना दोन्ही टप्प्यांत समोरून वारा असतो, त्यात सुमारे दोन तासांचा थांबा मिळून प्रवास चोवीस तासांच्या आसपास जातो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या बारा तास मागे असल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास निघालेला थेट प्रवासी त्याच दिवशी पहाटे उतरतो, तर फ्रँकफर्टमार्गे जाणारा दुपार जवळ आली असताना पोहोचतो. फ्रँकफर्टला हातातील सामान घेऊन विमानातून उतरावे लागते आणि पुन्हा सुरक्षा तपासणी होते. पेंगुळलेल्या लहान मुलांना घेऊन हे करणे सोपे नाही.

तरीही भाड्याची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. थेट सेवेसाठी घेतलेल्या एअरबस ए350-900 यूएलआर (अतिदीर्घ पल्ल्याच्या) विमानांत एकूण 161 आसने आहेत. त्यांपैकी 67 बिझनेसची आणि 94 प्रीमियम इकॉनॉमीची. साधी इकॉनॉमी त्यांत नाहीच. चौघांच्या कुटुंबाला हा खर्च फार जड जातो, आणि अशा कुटुंबाने फ्रँकफर्टचा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या विमानात इकॉनॉमी मिळते. एकट्याने जाणाऱ्याने मात्र थेट विमानातील प्रीमियम इकॉनॉमीच्या अगदी मागच्या तीन रांगांतील खिडकीजवळची एकेरी आसने आधी पाहावीत: शेजारी कोणी नसते आणि बाजूला सामान ठेवायला जागा असते.

ज्येष्ठांसाठी निर्णय प्रकृतीवर सोडावा. गुडघे दुखत असतील तर फ्रँकफर्टची चाल आणि रांग टाळलेली बरी; पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असेल, तर अठरा तासांचे बैठे उड्डाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. न्यू जर्सीतील मराठी नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना नेवार्क सोयीचे पडते, आणि ते केवळ थेट पर्यायात मिळते.

परतीचे गणित थोडे वेगळे आहे. न्यूयॉर्कहून फ्रँकफर्टमार्गे येताना दोन्ही टप्प्यांत वारा पाठीशी असतो, त्यामुळे थांबा धरूनही प्रवास बावीस तासांच्या आसपास आटोपतो आणि थेट विमानाशी असलेला फरक साडेतीन तासांवर येतो. त्यामुळे दोन्ही वेळा थेट जाणे परवडत नसेल आणि तिकिटे तशी मिळत असतील, तर जाताना थेट आणि येताना फ्रँकफर्टमार्गे प्रवास करावा.