पीएनआर नऊ आकडी होता

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. १,१०,८५० रुपये. काशीयात्रेला नेतो म्हणणाऱ्या एका माणसानं मला एवढ्याला फसवलं. यात कुणी माझ्याकडे ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, फोनमध्ये कसलं अ‍ॅप घालायला लावलं नाही. सगळे पैसे मी माझ्या हातानं, माझाच पिन टाकून, सहा वेळा पाठवले. आणि मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत. त्यातली शेवटची काही तर काउंटरपलीकडच्या आजी-आजोबांना "ओळख नसताना पैसे पाठवू नका हं" असं बजावण्यात गेली. तेव्हा "शिकलेली माणसं कशी फसतात" हा प्रश्न मला विचारू नका. पोलीस स्टेशनात विचारून झाला आहे.

सासूबाईंचं वय ८१. त्यांना त्रिस्थळी करायची होती : प्रयाग, काशी, गया. सासरे गेल्यापासून गयेचं त्यांच्या मनात होतं आणि गेल्या वर्षी त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आता गुडघे चालतायत तोवर." आम्ही दोघं, सासूबाई, नणंद आणि तिचे यजमान, माझी मावशी, असे सहा जण. त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबर २०२५ला होती. त्याच रात्री काशीला देवदीपावली असते, सगळे घाट पणत्यांनी उजळतात. ती नावेतून बघायची आणि मग गया, असा बेत होता.

हा माणूस आम्हाला रस्त्यावर भेटला नाही, ओळखीतून आला. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी नंबर दिला. त्यांना तो त्यांच्या योगा क्लासमधल्या बाईंनी दिला होता. त्या बाईंना कुणी दिला, हे आजतागायत कळलेलं नाही. दोघींपैकी एकही त्याच्याबरोबर कुठे गेलेली नव्हती! हे मी नंतर विचारलं. आधी विचारलं असतं तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. "ओळखीचा आहे" असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न एकच : तू स्वतः गेली होतीस का?

त्याच्या जाहिरातीवर लिहिलं होतं, 'अहिल्यादेवी त्रिशताब्दी विशेष त्रिस्थळी यात्रा'. अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, म्हणजे २०२५ हे तीनशेवं वर्ष. काशी विश्वनाथाचं आत्ताचं देऊळ त्यांनीच १७८०मध्ये बांधवून घेतलं आणि गयेचं विष्णुपद मंदिरही त्यांचंच. म्हणजे गृहपाठ पक्का होता. फोनवर बोलणं तर असं की आपल्याच नात्यातला वाटावा. "काकू, अहिल्यादेवींनी उभारलेल्या देवळात आपल्या आजींना मी रांगेत उभं करीन का?" हे ऐकून मी विरघळले. हिंदीत बोलला असता तर मी शंभर प्रश्न विचारले असते. त्याचं मराठी शुद्ध होतं, बस्स, तेवढं पुरलं.

स्वस्तही नव्हता. स्वस्त असता तर संशय आला असता. माणशी साडेअठरा हजारांच्या आसपास, म्हणजे दुसरीकडे चौकशी केली होती त्याच्या थोडं खाली. पुरेसं खाली, पण फार नाही.

१२ ऑगस्टला टोकन म्हणून १२,००० पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं, तर म्हणाला, "पार्टनरचं खातं आहे, काकू. आपल्या करंट अकाउंटचा क्यूआर नवीन येतोय." चालू खात्याचा क्यूआर 'येतोय' म्हणजे काय, हे मला कळायला नको? पण बारा हजारांचाच प्रश्न होता आणि घरात पिठलं गॅसवर होतं.

१९ ऑगस्टला रेल्वेच्या तिकिटांचे म्हणून २१,००० पाठवले. त्याच संध्याकाळी ६०० रुपये परत आले. सोबत मेसेज : "काकू, २०,४००च झाले. हिशेब म्हणजे हिशेब." मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला. कौतुकानं दाखवला, हे लिहिताना आत्ताही कानशिलं तापतात. सहाशे रुपयांत त्यानं माझी एकतीस वर्षांची नोकरी विकत घेतली.

आता खरी जागा येते.

२० ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी पावणेसहाचा चहा. गणपती आठवड्यावर आलेले, त्यामुळे डायनिंग टेबलावर मखराचे पुठ्ठे पसरलेले. फोन वाजला आणि तिकिटाची पीडीएफ आली. महानगरी एक्स्प्रेस, थर्ड एसी, सहा नावं, सहाही कन्फर्म, सासूबाईंना लोअर बर्थ. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. ह्यांनी कपातून मान वर करून विचारलं, "आत्ताच? बुकिंग साठ दिवस आधी उघडतं ना?"

बरोबर विचारलं होतं. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलेलं आहे. ३ नोव्हेंबरच्या गाडीचं बुकिंग ४ सप्टेंबरच्या आधी उघडतच नाही, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. माझ्या हातात ऑगस्टमध्येच तिकीट कसं आलं?

आणि मी काय म्हणाले? "एजंट लोकांचा कोटा असतो."

हे मला त्या माणसानं सांगितलेलं नव्हतं. त्यानं कोटा हा शब्दही कधी उच्चारला नव्हता. ती थाप माझी, मीच तयार केली आणि माझ्याच नवऱ्याला सुनावली, वर "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय" हेही जोडलं. तो बिचारा परत चहा प्यायला लागला. एजंटांचा असा काही कोटा नसतो. उलट तत्काळ बुकिंगच्या पहिल्या तीस मिनिटांत अधिकृत एजंटांनासुद्धा तिकीट काढता येत नाही, असा नियम जुलै २०२५पासून लागू झालेला. पेपरात आलं होतं, मी वाचलं होतं.

त्याच तिकिटात आणखी एक गोष्ट होती. महानगरी सीएसएमटीहून सुटते ती रात्री बाराच्या पुढे. म्हणजे रविवारी रात्री निघायचं तर तिकिटावर सोमवारची तारीख हवी. मुंबईत ज्यानं एकदा तरी या गाडीचं तिकीट काढलं असेल, त्याला ही तारखेची भानगड पाठ असते. माझ्या तिकिटावर रविवार, २ नोव्हेंबर होतं आणि मेसेजमध्ये "रविवारी रात्री साडेदहाला स्टेशनवर या". तिकीट खरं असतं तरी गाडी आदल्या रात्रीच निघून गेली असती.

पुढचं झरझर सांगते. १० सप्टेंबरला हॉटेलचे ३८,६००. नवरात्रात, २४ सप्टेंबरला, देवदीपावलीच्या नावेचे २४,०००. तेव्हा मी लेकीकडे पुण्याला होते, ही गोष्ट पुढे फार महागात पडली. ९ ऑक्टोबरला 'व्हीआयपी दर्शन पास'चे ९,०००. १६ ऑक्टोबरला जीएसटी आणि विम्याचे ६,८५०. तीन वेगवेगळी खाती, तिन्हींवर वेगळी नावं. पावतीवर जीएसटी क्रमांक होता आणि तो मला भारदस्त वाटला. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७. पावतीवर पत्ता ठाण्याचा आणि क्रमांक ०७नं सुरू, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं, फुकट, अर्ध्या मिनिटात.

दर्शनाच्या पासबद्दल एवढंच : काशी विश्वनाथाच्या ट्रस्टची स्वतःची साइट आहे, सुगम दर्शनाचं, म्हणजे रांग टाळून दर्शनाचं, तिकीट तिथेच मिळतं. माणशी दीड हजार घेऊन पास देणारा माणूस तुम्हाला काहीही देत नाही. आणि दशाश्वमेधावरची आरती पायऱ्यांवर बसून बघायला एक पैसा पडत नाही.

त्यानं पाठवलेला कार्यक्रमही आता वाचते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. ६ तारखेला सकाळी काशीहून गया, पिंडदान, विष्णुपद, बोधगया आणि संध्याकाळी गंगा आरतीला काशीत हजर. एका बाजूनं अडीचशे किलोमीटर आहे हो! ८१ वर्षांच्या बाईला घेऊन! ७ तारखेला सारनाथ, 'अशोकस्तंभाचे सिंह पाहणे'. ते सिंह सारनाथच्या संग्रहालयात आहेत आणि संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. ७ नोव्हेंबर शुक्रवार होता. ज्यानं एकदाही कुणाला काशीला नेलेलं नाही, त्याचा तो कागद होता. नकाशा उघडून दोन अंतरं मोजली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. कुठलाही यात्रेचा कागद हातात आला की आधी अंतरं मोजा, मग देवळं.

भाऊबीज झाली, शनिवारी २५ ऑक्टोबरला भाचा आला. आजीचा बर्थ बघतो म्हणून त्यानं तिकीट मागितलं. दोन मिनिटं फोनमध्ये डोकं घालून बसला आणि म्हणाला, "मामी, हा पीएनआर नऊच आकडी आहे. दहा असतात."

खाते क्रमांक मोजण्यात माझं आयुष्य गेलं. मी तो पीएनआर एकदाही मोजला नव्हता.

काशीच्या हॉटेलला फोन लावला. हॉटेल खरं होतं. "बहनजी, इस नाम से कोई बुकिंग नहीं है. देव दीपावली में तो हम कब के फुल हैं." यात्रावाल्या माणसाचा नंबर बंद. पाच दिवसांपूर्वी त्याच नंबरवरून दिवाळीच्या शुभेच्छा आल्या होत्या, आकाशकंदिलाच्या चित्रासकट.

१९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन केला, तक्रार नोंदली गेली, पोचपावतीचा नंबर मिळाला. तुमच्या बाबतीत असं काही झालं, तर आधी १९३०, मग रडणं, मग नातेवाईक. पहिल्या तासाभरात पैसे अडवता येतात. माझे शेवटचे पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते. तीनपैकी एका खात्यात ३,२१४ रुपये गोठवले गेले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

मग बँक. ज्या बँकेत मी निवृत्तीचा नारळ घेतला तीच. समोर तिशीचा अधिकारी, माझ्याच जुन्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत. "मॅडम, व्यवहार तुम्हीच ऑथराइज केलेत. आमच्याकडून काही होणार नाही." त्याचं बरोबर आहे, मला माहीत आहे. हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! पण निदान समोरच्या खात्यांच्या बँकांना आजच्या आज कळवतो, एवढं तरी म्हणायचं. त्यानं मला फॉर्म दिला, फॉर्मची झेरॉक्स करून आणायला सांगितलं आणि जेवायला गेला. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे त्यानं सांगितलं नाही. मीच त्याला सांगितलं.

आणि पोलीस स्टेशन. २७ ऑक्टोबरला साडेचार तास लाकडी बाकावर. आधी म्हणे साहेब बंदोबस्ताला आहेत. मग म्हणे सायबरचं काम बघणारे रजेवर आहेत. मग एकानं कागद हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारलं, "हे चोवीस हजार पाठवले तेव्हा कुठे होता?" मी प्रामाणिकपणे म्हणाले, पुण्याला. झालं! "मग पुण्यात द्या ना तक्रार." मी म्हटलं, बाकीचे पाच व्यवहार इथूनच झालेत. "मग त्यांची वेगळी द्या." मी म्हटलं, माणूस एक, फसवणूक एक. "तसं नसतं मॅडम." तसंच असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. भाच्यानं ते कलम मला फोनवर पाठवलं होतं, मी वाचून दाखवलं. हवालदार म्हणाला, "तुम्हाला कायदा येतो, पण तिकीट काढता येत नाही?" बाकावरचे दोघे हसले.

त्यानंतर पाच खेपा झाल्या. चॅटचे प्रिंटआउट आणा, मग तारखेनुसार लावून आणा, मग बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात आधी बँकेचा शिक्का आणा. प्रिंट आणि रिक्षा यांवर १,३४० रुपये गेले, तेही लिहून ठेवलेत. एफआयआर शेवटी झाला, तो भाच्याच्या वकील मित्रानं सोबत येऊन खुर्ची ओढून बसल्यावर. तेच कागद, तेच टेबल, तोच हवालदार. चाळीस मिनिटांत काम झालं.

सासूबाईंना आम्ही आठवडाभर गाड्या रद्द झाल्याचं सांगितलं. त्यांना कळलंच. त्यांनी गंगेचं पाणी आणायला तांब्याचा झाकणाचा गडू आणून ठेवला होता. तो त्यांनी काही न बोलता कपाटाच्या वरच्या खणात टाकला, त्याच्यावर चादर. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे लिहायला बसले ते गेल्या आठवड्यातल्या एका मेसेजमुळे. मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात आली, 'महाशिवरात्री विशेष काशी यात्रा'. नंबर वेगळा, नाव वेगळं, फोटो मात्र त्याच नावेचा, ज्या नावेचे मी २४,००० भरले ती, नारिंगी छताची, पुढे झेंडूच्या माळा लावलेली. मावशीच्या फोनवरून मी तिथेच लिहिलं : हा माणूस चोर आहे, माझे १,१०,८५० घेतलेत, कुणी पैसे पाठवू नका. दहा मिनिटांत अ‍ॅडमिनबाईंनी मेसेज काढून टाकला. खाली लिहिलं, "ग्रुपवर कृपया नकारात्मक पोस्ट टाकू नयेत."

ग्रुपमध्ये बेचाळीस जणी आहेत. मावशीकडून नंबर घेऊन मी एकेकीला फोन करते आहे. आजपर्यंत सतरा झाल्या. त्यातल्या दोघींनी टोकन भरलंय.