वाताहत की बोजवारा?

दोन्ही शब्द पेपरात रोज दिसतात आणि लोक एकाच्या जागी दुसरा सर्रास ठोकून देतात, मला ते खूप खटकतं. वाताहत म्हणजे मुळात वात अधिक आहत, वाऱ्याने मारलेलं, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडाकडे हा शब्द शब्दशः खरा झाला, नारळ-सुपारी आडवी, कौलं पत्रे उडालेले, वर्षानुवर्षं जपलेली हापूसची कलमं मुळासकट उपटलेली. तिथे बोजवारा म्हणवतच नाही. वाताहत माणसांची होते, घरादाराची, बागांची होते, त्यात विखरून जाणं आहे आणि दुःखही आहे.

बोजवारा मात्र व्यवस्थेचा. कुणीतरी काम नीट करायला हवं होतं, केलं नाही, हा ठपका त्यात असतोच. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून रखडलं, गणपतीला गावी येताना माणगावात तासन्तास अडकलं की ट्रॅफिकचा बोजवारा उडालाय हेच तोंडात येतं. आणि बघा, बोजवारा उडतो, वाताहत होते, वाताहत उडाली असं कोणी म्हणत नाही.

वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा दोन्ही शब्द लागले, बागांची वाताहत आणि वीजपुरवठ्याचा बोजवारा.

पानिपत होणं वेगळं, ते १७६१ च्या लढाईवरून आलं, त्यात समोर जिंकणारा लागतो म्हणून निवडणुकीत शोभतं, वादळात नाही.