स्ट्रोकची जेनेटिक टेस्ट: चौतीस पानांत एक ओळ कामाची

दिवाळीनंतर बाबांना पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला, उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं होतं, दोन तासांत हॉस्पिटल गाठलं म्हणून आता बरेच सावरलेत. तेव्हापासून आई मागेच लागली की तूपण तपासून घे, म्हणून एका लॅबचं 'स्ट्रोक जेनेटिक' पॅकेज बुक केलं, बाबांचं आणि माझं, प्रत्येकी ८५०० रुपये.

सॅम्पल घ्यायला सकाळी सातला पोरगा हजर. जांभळ्या झाकणाची एक ट्यूब, उपाशी राहायची भानगड नाही, बाबांची शीर एका फटक्यात सापडली. इथे पैकीच्या पैकी. रिपोर्ट २१ दिवसांत म्हणाले होते, आला ३३व्या दिवशी, तोही चार फोन केल्यावर.

पण माझा खरा राग त्यांच्या जाहिरातीवर आहे. 'रक्तातून स्ट्रोकचं निदान' म्हणे! अहो अटॅक आला की आधी सीटी स्कॅन, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे कळल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही आणि त्याची मुदत साडेचार तास. त्यात हे डीएनए बघणार, जो जन्मापासून तोच, अटॅकच्या आदल्या दिवशीही तोच, मग आत्ता काय झालंय ते त्यातून कळणार कसं? निदानासाठी बघावं लागतं आरएनए, म्हणजे त्या घडीला पांढऱ्या पेशींत कुठली जीन्स जागी झालीत ते. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत २००५ सालीच हे करून बघितलंय, पुढच्या अभ्यासांत एआरजी१, एमएमपी९ अशी जीन्सची नावं निघाली, पण त्यातली बरीच जीन्स साध्या इन्फेक्शननेही जागी होतात, त्यामुळे सीटीची सुट्टी अजून काही झालेली नाही.

रिपोर्ट चौतीस पानी. अर्धी पानं योगासनं आणि अक्रोडाचे फोटो. माझ्या एमटीएचएफआर नावाच्या जीनपुढे धोक्याचा लाल गोळा, आईने तो बघून दोन दिवस धड जेवण केलं नाही. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले हे इतकं कॉमन आहे की मी याच्यावर काही करत नाही, आणि सरळ बाबांच्या फाइलमधलं सतरावं पान उघडून थांबले. सीवायपी२सी१९, म्हणजे लिव्हरमधलं एक एन्झाइम बनवणारं जीन. बाबा रोज घेतात ती गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये गेल्यावर याच एन्झाइममुळे चालू होते, आणि बाबांच्या या जीनच्या दोन्ही कॉपी मंद, म्हणजे इतके महिने गोळी पोटात जात होती पण पुरती लागू पडत नव्हती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१० मध्येच गोळीच्या माहितीपत्रकात याची ठळक वॉर्निंग टाकलीय म्हणे. डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बदललं. वर म्हणाले, ही एकच टेस्ट सुटी करता आली असती, खूप कमी पैशांत.

दोन स्टार. एक त्या पोराला, एक सतराव्या पानाला. आता लॅबवाल्यांचा रोज मेसेज येतो, आईचंही पॅकेज करा, १५ टक्के सूट.