परदेशाचं विमान पकडायचं कुठून? पाटणबोरीच्या बाजूने मांडलेला हिशोब

गेल्या दोन वर्षांत आमच्या केळापूर तालुक्यातल्या, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाच्या, तीन-चार घरांनी मला हेच विचारलं. पोरगा नाहीतर पोरगी जर्मनीत, नातवाच्या बारशाला बोलावलंय, पासपोर्ट-व्हिसा हातात आला, आता तिकीट कुठून काढायचं? पोरगा फोनवर म्हणतो मुंबई, शेजारी म्हणतो दिल्ली, आणि बसस्टँडवरचा एखादा जाणकार म्हणतो, नागपुरात विमानतळ असताना भटकता कशाला? मी मुंबई, दिल्ली, हैदराबाद तिन्हीकडून फ्रँकफर्टला जाऊन आलो. माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे, ते आधीच सांगतो. पुढचं त्या हिशोबानं वाचा.

नागपूरचं लवकर आटोपतो. सोनेगावचं विमानतळ वर्धा रोडवरच आहे, त्यामुळे आमच्यासारख्या दक्षिणेकडून येणाऱ्याला शहरात शिरावंच लागत नाही. आटोपशीर, ओळखीचं, भांबावून जायला होत नाही. पण तिथून थेट परदेशी म्हणाल तर आखाताकडचीच मोजकी उड्डाणं, शारजा आणि दोहा, तीही ठरावीक वारी. वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा चालू आहे की नाही हे आधी बघून घ्या. पोरगं दुबई-शारजाला असेल तर डोळे मिटून नागपूर. फक्त बॅगेत खसखस टाकू नका. आपल्या मसाल्यात ती सहज असते, आणि अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात. त्यापायी तुरुंगात गेलेली माणसं आहेत.

युरोपला जायचं तर नागपूर हा पहिला टप्पा होतो, मुक्काम नव्हे. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

२०२३ साली पहिल्यांदा निघालो तेव्हा मुलानं दोन वेगवेगळी तिकिटं काढली. संध्याकाळी नागपूर ते मुंबई, रात्री मुंबई ते फ्रँकफर्ट. एकत्र काढण्यापेक्षा बरीच स्वस्त पडली म्हणे. फोनवर त्यानं समजावलं, "बाबा, तुम्ही टी-वनला उतराल, तिथून टी-टूला जायचं." बायको स्पीकरवर ऐकत होती. ती दचकलीच. "टी-वन? थे वाघीण तं मारली न?" आमच्या भागात टी-वन म्हणजे अवनी. २०१८ च्या नोव्हेंबरात तिला गोळी घातली, तोवर दोन वर्षं राळेगाव-पांढरकवड्याच्या शेतकऱ्यांनी दिवस मावळला की वावरात पाय ठेवला नव्हता. विमानतळाच्या इमारतीलाही तेच नाव असतं, हे तिला पटवायला अर्धा तास गेला.

पण त्या रात्री मला वाघीण परवडली असती. टी-वन म्हणजे जुनं सांताक्रूझ, टी-टू म्हणजे सहार. धावपट्ट्या त्याच, पण एका इमारतीतून दुसरीत जायला बाहेर पडून रस्त्यानं चार-पाच किलोमीटर. खरं तर घोळ नागपुरातच सुरू झाला होता. परदेशी तिकिटावर माणशी तेवीस किलो चालत होते, म्हणून आम्ही तेवीस भरले. देशातल्या तिकिटावर पंधराच. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, जादा वजनाचे पैसे भरा किंवा कमी करा. मग भर रांगेत बॅग उघडून घरच्या तुरीची डाळ बाहेर, हळद आत, बाळंतिणीचा डिंक आणि अळीव तर राहायलाच पाहिजेत, असा बाजार मांडला. खोबऱ्याच्या वाट्या त्यातच सापडल्या. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून ते धोक्याच्या मालात मोडतं. वाट्या परत पांढरकवड्याला गेल्या, डाळीचे पैसे भरले.

मुंबईत सामान पट्ट्यावरून उतरवून घेतलं आणि खरी गोम कळली. बायकोच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगितली होती. मिळालीही, ढकलणारा पोरगा भला होता. पण ती सोय दारापर्यंतच. दाराबाहेर आम्ही दोघं, चार बॅगा, रात्रीचे साडेनऊ, आणि टॅक्सीवाल्याला जवळचं भाडं नको. पलीकडे पोचल्यावर नव्यानं रांग, नव्यानं व्हीलचेअरची विनंती, नव्यानं वजन. विमान चुकलं नाही. पण समजा नागपूरचं विमान दोन तास उशिरा आलं असतं, तर पुढच्या कंपनीला त्याचं काय? तिकिटं दोन होती, त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. त्या दीड तासाच्या धास्तीनं माझा मुंबईशी काडीमोड झाला. मुंबईला विमानं भरपूर, तिकीट बहुतेक वेळा स्वस्त, हे सगळं खरं आहे. कदाचित तरुण माणसाला, एका पाठपिशवीवर जाणाऱ्याला, ह्यात काहीच वाटणार नाही.

आता तर त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून खुश होऊ नका, खालची तीन अक्षरं बघा: बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एकीकडे उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर माझ्या सांताक्रूझ-सहारला तुम्ही किरकोळ म्हणाल.

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. एकच तिकीट, नागपूर-दिल्ली-फ्रँकफर्ट. नागपुरात दिलेली बॅग थेट फ्रँकफर्टला दिसली, वजनाचा नियमही परदेशीच लागला. दिल्लीचं टी-थ्री अवाढव्य आहे, चालून चालून पाय दुखतात, पण आमची दोन्ही विमानं त्याच छताखाली होती. (तिथेही टी-वन लांब आहे, देशातलं विमान तिथे उतरत असेल तर पुन्हा तीच कथा.) जाताना दिल्लीला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

येताना मात्र दिवस जानेवारीचे. एकतर भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच बहुधा सामान घेऊन कस्टममधून बाहेर यावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं, तिकीट एक असो की दोन. ते केलं. आणि मग धुकं. काचेपलीकडे काही म्हणजे काही दिसेना. नागपूरचं विमान सात तास लांबलं. ह्यात कुणाचीच चूक नाही, धुक्याला कोण काय करणार. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवरून जायचं असेल तर पुढे मोकळा दिवस हाताशी ठेवा. उन्हाळ्यात जाणार असाल, आणि शेतकऱ्याला सवड तेव्हाच असते, तर दिल्ली अजिबात वाईट नाही.

हैदराबाद माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे हैदराबाद म्हणजे दवाखाना नाहीतर लग्नाचा बस्ता. २०२४ च्या जानेवारीत तिथून फ्रँकफर्टचं थेट विमान सुरू झालं आणि एका सोयऱ्यानं सुचवलं. आमच्या घरापासून चव्वेचाळीस नंबरचा हायवे हाकेच्या अंतरावर. जुनी माणसं अजून त्याला सात नंबरच म्हणतात. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, मग निर्मल, गोदावरी, कामारेड्डी. मेडचलला आउटर रिंग रोड धरायचा, तो शहराला बाहेरून वळसा घालून शमशाबादला विमानतळापाशी सोडतो. साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातं, चहापाण्यासकट सात तास धरा.

ह्यात मला काय मिळालं? बॅग आमच्या अंगणात गाडीत चढली ती शमशाबादच्या काउंटरवर उतरली. मध्ये कुणी तोलली नाही, उघडली नाही. व्हीलचेअर एकदाच सांगितली. देशातली आणि परदेशी विमानं एकाच इमारतीत असल्यामुळे कुठल्या टर्मिनलला जायचं हा प्रश्नच नाही. ज्यांना गाडीचा प्रवास झेपत नाही त्यांनी नागपूर-हैदराबाद विमान घेतलं तरी त्याच छताखाली उतरतात. पोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत, हे सगळीकडचंच; पण बाहेर बसायला जागा आहे, चहा आहे. भाषेची तर बातच नको, आमच्याकडे अर्ध्या घरांत तेलुगू समजतं.

उणी बाजूही आहे. विमान मध्यरात्रीनंतरचं, येतानाही उतरायला मध्यरात्रच होते, आणि मग रात्रभर गाडी. ड्रायव्हरला दुपारी जबरदस्तीनं झोपवलं होतं, तरी निर्मलच्या घाटात मी जागा राहून त्याच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारत होतो. एकटा माणूस असेल तर गाडीभाडं परवडणार नाही. दोघं-तिघं असाल तर बरोबरीत येतं. थेट विमानंही दिल्ली-मुंबईइतकी नाहीत. फ्रँकफर्ट, लंडन ठीक. पोरगं अमेरिकेत असेल तर वाटेत दुबई-दोह्यासारख्या ठिकाणी विमान बदलावंच लागेल, पण ते बदलणं एका तिकिटावर असलं म्हणजे सामानाची काळजी राहत नाही.

हे सगळं आमच्या कोपऱ्यातून झालं. वणी, केळापूर, राजुऱ्याकडच्यांना ते बहुतेक लागू पडेल. सिरोंच्याच्या माणसाला तर गोदावरीवरचा पूल झाल्यापासून नागपूरपेक्षा हैदराबादच जवळ. बल्लारशाहून रेल्वेनं सिकंदराबादला उतरलात तर विमानतळासाठी पुष्पक बस मिळते. पण तुम्ही मेहकर, सिंदखेडराजा, कारंज्याचे असाल तर मी तोंड बंद ठेवतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला, तुमची गाडी थेट आमण्यापर्यंत पळते. पुढचं भिवंडी-ठाण्याचं तुमचं तुम्ही बघा. अकोला-बडनेऱ्याच्या माणसाला रात्रीची गाडी सकाळी दादरला टेकवते, त्यालाही मुंबईच सोपी. अमरावतीत बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, पण ते लहान विमान आहे. त्यावर परदेशाचं वेगळं तिकीट जोडणार असाल तर माझी डाळ आठवा.

पुढच्या वैशाखात आम्हाला पुन्हा जायचंय. मुलानं मुंबईचं तिकीट पाहून ठेवलंय, बरंच स्वस्त आहे म्हणतो. बायकोनं गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.