‘बीच परमिट’च्या नावाखाली आबांचे ३१ हजार गेले

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्यांची मुलं-लेकी आखातात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या आबांना बेळगावातल्या एका टूरवाल्यानं ३१ हजारांना गंडवलंय, आणि त्याची पद्धत बघता आबा काही शेवटचे नसणार.

मी बायको-मुलांसह ओमानमध्ये, मस्कतला असतो. डिसेंबरात आई-आबा, ताई-भाऊजी आणि भाचरं इकडं यायचं ठरलं होतं. थंडीत इथं लोक समुद्रकाठी तंबू ठोकून राहतात, हे माझ्या पोरांनी व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या कानावर घातलं होतंच. आबांनी मनात घेतलं की नातवंडांना दोन रात्रींचं कॅम्पिंग आपल्यातर्फे, आणि मला पत्ता लागू द्यायचा नाही.

टूरवाला त्यांना एका लग्नाच्या पंगतीत भेटला. “मामा, तुम्हाला काळ्या दिनाच्या फेरीत बघितलंय की मी,” इथून सुरुवात. बेळगाव भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची ही एक नोव्हेंबरची फेरी आबा चुकवत नाहीत, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल; त्यानंही कुणाला तरी विचारलंच असणार. पुढं “पोराला कशाला त्रास देता वो, आपल्या माणसाचं आपल्याच माणसानं करायचं,” हे झालं. पावतीपुस्तक अख्खं मराठीत, वर शिवाजी महाराजांचं चित्र. शेताच्या उताऱ्यापासून लाईट बिलापर्यंत सगळं कन्नडात घेऊन दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या माणसाच्या हातात मराठीत छापलेली पावती पडली, की तो आणखी काय तपासणार? माझा सगळ्यात जास्त राग या गोष्टीवर आहे. पैसे खाणारे कुठंही भेटतात. यानं सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसाची नेमकी दुखरी नस धरली.

आधी तंबू, जेवण, गाडी म्हणून १८ हजार घेतले. मग आठवड्यानं फोन: “ओमान सरकारचं बीच परमिट काढावं लागतंय मामा, नाहीतर विमानतळावरच अडवतात.” त्याचे १३ हजार. दोन्ही वेळा पैसे फोनपेवर, कुठल्याशा बाईच्या खासगी खात्यात. पॅन नंबर विचारलाच नाही. परदेशातल्या सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस (विकणाऱ्यानं गोळा करून सरकारला भरायचा आयकर) घेऊन तो त्याच्या पॅनवर भरावा लागतो. पॅनशिवाय कुणी असलं पॅकेज देत असेल तर तिथंच उठून यावं.

मस्कतला आल्यावर आबांनी बॅगेतून कुंद्याचे बॉक्स काढले आणि त्याखालून प्लास्टिकची फाईल. आत ते परमिट, लॅमिनेशन केलेलं. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून, उजवीकडून डावीकडं लिहितात. यात एकेक अक्षर सुटं होतं, आणि तेही उलट्या क्रमानं. शेजारच्या ओमानी गृहस्थांना दाखवलं, तर त्यांना त्यातला एक शब्द लागेना. शिक्का तर त्याहून भारी: खजुराचं झाड आणि खाली दोन तलवारी. हे चिन्ह सौदी अरेबियाचं! ओमानच्या राजचिन्हात तलवारींवर खंजीर असतो, इथल्या नोटांवरसुद्धा दिसतो. गूगलवरून जे पहिलं मिळालं ते या भामट्यानं चिकटवलं होतं.

परमिटवर जागा घातली होती रास अल-जिन्झ, तंबू ४, आणि ‘रात्री कासव शो’. तिथं हिरवी कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, म्हणून १९९६ पासून तो भाग राखीव आहे. त्या वाळूवर तंबू लावू देत नाहीत. दिव्यांच्या उजेडानं पिल्लं समुद्राकडं जायची सोडून भलतीकडं जातात. कासवं बघायला राखीव क्षेत्राच्या केंद्रातूनच वाटाड्याबरोबर जावं लागतं, आणि तिकीटही त्यांच्याकडूनच काढायचं. आम्ही शेवटी ऑफिसातल्या मित्राचे तंबू घेऊन सूर शहराच्या रस्त्यावर फिन्सच्या किनाऱ्याला गेलो. तिथं लोक आपापलं सामान आणून राहिले होते, पैसे मागायला कुणी आलं नाही. पोरं खूश. आबा मात्र रात्रभर तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले होते.

मी त्या टूरवाल्याला फोन लावला, तर गडी अगदी गोड. “गैरसमज झालाय साहेब, पैसे परत देतो की,” म्हणत आबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, ३१ हजार जमा. ताईनं फोन हातातून काढून घेतला म्हणून बरं. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. त्यानंतर त्यानं नंबरच बंद केला. भाऊजी परत गेल्यावर त्याच्या ऑफिसला जाऊन आले, तर शटर खाली आणि वर ‘भाड्याने देणे आहे’.

१९३० या हेल्पलाईनवर आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली आहे. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात ती रक्कम अडवता येते. आमच्याकडं कळेपर्यंत महिना उलटून गेला होता, त्यामुळं मोठी आशा धरलेली नाही. पोलिसांत आबांनी स्वतःच्या हातानं मराठीत अर्ज दिला. तिथल्या हवालदारानं कन्नडात द्या म्हटल्यावर भाऊजींनी राज्यघटनेचं ३५० वं कलम पुढं केलं. गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. अर्ज घेतला, पोच मिळाली.

परवा निपाणीच्या एका पाहुण्यांनी मला एक परमिट पाठवून विचारलं, हे खरं आहे का बघ. त्यांचा मुलगा दुबईला असतो. नाव दुसरं, नंबर दुसरा, ओमानच्या जागी यूएईतलं फुजैरा. शिक्का मात्र तोच, खजुराच्या झाडाचा. त्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत.